सहा ते दोन

"मॅडम, माल एक नंबर आहे. पॅकिंग तेवढं तुम्ही करून द्या."

माल म्हणजे त्यांची मुलगी. ती शेजारी मान खाली घालून बसली होती. वडील पिंपळगाव बसवंतचे द्राक्ष बागायतदार, ऑक्टोबर छाटणीची माणसं बागेत सोडून नाशिकला गंगापूर रोडला माझ्याकडे आलेले. मुलीला इंग्लंडला मेडिकलला पाठवायचं होतं.

ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यावर मी हे काम करते. परदेशी प्रवेशासाठी मुलं स्वतःबद्दल जे लिहितात, ते नीट करून द्यायचं. आपल्याकडे मेडिकलच्या 'नीट' परीक्षेला 180 प्रश्न, 720 मार्क. त्यात 'तुला डॉक्टर का व्हायचंय?' हा एकशे एक्याऐंशीवा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि क्लासवाले तर मुलाच्या मनातही येऊ देत नाहीत. इंग्लंडच्या युकास या विद्यापीठ-प्रवेशाच्या अर्जात मात्र तो पहिलाच. पूर्वी एकच लांबलचक निबंध असे, 2026 च्या प्रवेशापासून तीन प्रश्न झाले: हा कोर्स का, अभ्यासातून काय तयारी झाली, अभ्यासाबाहेर काय केलं. तिन्ही मिळून 4,000 कॅरेक्टर, स्पेससकट. मेडिकलची मुदत 15 ऑक्टोबर, तिकडचे संध्याकाळचे सहा, म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा. हुकली की वर्ष गेलं.

वडिलांनी आधी एका एजंटाकडून लिहून आणलं होतं. त्यात मुलीला लहानपणापासून पांढऱ्या कोटाची ओढ होती, आणि प्रसंगावधान राखून तिने आजीचे प्राण वाचवले होते. पैसे किती घेतले ते मी विचारलं नाही, बीपी वाढतं.

मुलीचा स्वतःचा मसुदा दुसऱ्या टोकाला. मला संधी लाभली, सरांच्या मार्गदर्शनाखाली, अल्पसा प्रयत्न. एका ठिकाणी तिने 'खारीचा वाटा' शब्दशः इंग्रजीत नेला होता. तिकडच्या प्राध्यापकाला या अर्जात मध्येच खार कुठून आली, हे काय कळणार! हसू आलं, पण तो दोष तिचा नाही. आपण पोरांना 'मी मी करू नये' एवढंच शिकवतो. मग मी केलेलं सांगायचं कसं, हे शिकवायचं राहूनच जातं.

माझी पद्धत अशी की पहिले दोन दिवस कागद बंद. मुलाने मराठीत बोलायचं, मी मोबाइलवर रेकॉर्ड करते. नंतर ते उतरवून क्रियापदांखाली लाल रेघ मारते. बघितलं, विचारलं, चुकलं, थांबले. विशेषणं सगळी काढून टाकायची, मुलगा कसा आहे ते क्रियापदांतून कळतं.

तर आजी. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. हातात फिस्टुला, म्हणजे ऑपरेशन करून शीर धमनीला जोडलेली. तिथे बोटं ठेवली की आतून थरथर लागते, तिला थ्रिल म्हणतात. ती थांबली तर आत गुठळी झाली असण्याची भीती, आणि मग लगेच पळायचं. ही थरथर रोज बघायची, असं सिस्टरने शिकवलं होतं. घरात ते फक्त ही मुलगी करत होती, वर्षभर, शाळेत जाण्याआधी.

"कशी लागते?" मी विचारलं.

"बागेत मोटर चालू असताना पाइपवर हात ठेवला की लागतं ना, तसं."

मी रेकॉर्डिंग थांबवलं आणि ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. सिस्टरने शिकवलं, मी रोज बघितलं, असं लागतं. श्रेय सिस्टरचं सिस्टरकडे, काम हिचं हिच्याकडे, बढाई नाही आणि खारही नाही. इतक्या वर्षांत एवढं सरळ वाक्य मला क्वचित मिळालंय. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं.

मी विचारलं, "मग ज्या दिवशी लागलं नाही, त्या दिवशी?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, सकाळी सहाला हात ठेवला तर काहीच नाही. वाटलं आपलंच चुकतंय. वीस मार्कांची केमिस्ट्रीची टेस्ट होती. ती शाळेत गेली. दोनला घरी आली, पुन्हा हात ठेवला, तेव्हा सांगितलं. नाशिकला आणलं, संध्याकाळी गुठळी काढली, फिस्टुला वाचला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. सहाचं घरात कुणालाच माहीत नव्हतं.

आजीचा प्रसंग तिने स्वतःच्या मसुद्यात का घातला नव्हता, ते मला तेव्हा कळलं. मी तिला नम्र समजत होते.

मी म्हटलं, लिही. सहाला कळलं, दोनला सांगितलं, आता शंका आली तरी लगेच विचारते. तिने लिहिलं, आणि वडिलांना ते वाक्य सोडून बाकीचं दाखवलं. त्यांना ते फिकं वाटलं. "थोडं चढवून लिहायला काय हरकत आहे?" मी त्यांना 2010 ची आठवण करून दिली. सीसीसी या फवारणीच्या औषधाच्या अंशावरून युरोपने आपली द्राक्षं नाकारली होती. इंटरव्ह्यूत या मुलांची पण रेसिड्यू टेस्ट होते, म्हटलं. "ते साल नका काढू, मॅडम," म्हणत ते हसले.

पंधरा तारखेला रात्री साडेनऊला ते माझ्या टेबलाशी बसले. 3,962 कॅरेक्टर. पाठवण्याआधी एकदा सगळं वाचतो म्हणाले. इंग्रजी वाचताना त्यांचं बोट स्क्रीनवरून सरकतं. तिसऱ्या उत्तराच्या मध्यावर ते थांबलं.

"सहाला कळलं होतं तुला?"

तिने मान हलवली.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मी घड्याळाकडे बघत होते, आणि त्याची लाज अजून वाटते. मग ते म्हणाले, "त्या दिवशी शाळेत मीच सोडलं होतं गाडीवर. रस्ताभर बोलली नाहीस." चष्मा काढून खिशात ठेवला. "पाठवा."

दहा वाजून आठ मिनिटांनी अर्ज गेला.

निबंध चांगला झाला, त्याबद्दल मला शंका नाही. पण ती गोष्ट आधी घरात सांगायला हवी होती, आणि ते तिला सांगणं माझं काम होतं. मला वाक्य हवं होतं.

परवा तिचा मेसेज आला, इंटरव्ह्यूची तयारी कधी सुरू करायची? मी विचारलं, पप्पा काय म्हणतात?

"छाटणी चालू आहे," एवढंच उत्तर आलं.