तुम्ही विचारलंत म्हणून : विद्यार्थ्याच्या नावाचा लघुग्रह

एखाद्या शाळकरी विद्यार्थ्याचे नाव लघुग्रहाला दिल्याची बातमी आली की मला हमखास विचारले जाते : तो लघुग्रह त्या मुलानेच शोधला का, आणि पैसे भरून आपल्या मुलीचे नाव तसे देता येईल का? पहिल्याचे उत्तर बहुधा ‘नाही’ आणि दुसऱ्याचे निखालस ‘नाही’ असे आहे.

मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यानच्या मुख्य पट्ट्यातील असा लघुग्रह, आकाशाच्या एकाच भागाची काही मिनिटांच्या अंतराने छायाचित्रे घेतली असता, स्थिर ताऱ्यांमधून किंचित सरकलेला ठिपका म्हणून प्रथम सापडतो. तेव्हा त्याला ‘2000 एबी12’ अशा धर्तीची तात्पुरती संज्ञा मिळते. यातील ‘ए’ म्हणजे जानेवारीचा पहिला पंधरवडा, तर ‘बी’ आणि 12 मिळून त्या पंधरवड्यातील 302 वा शोध, कारण रोमन लिपीतील 25 अक्षरांची (‘आय’ वगळून) 12 आवर्तने संपल्यावरचे ते दुसरे अक्षर असते. पुढे अनेक वर्षांच्या निरीक्षणांतून कक्षा पक्की ठरली की कायमचा क्रमांक मिळतो, आणि त्यानंतरच नावाचा विचार होतो.

नाव सुचवण्याचा हक्क दहा वर्षे शोधकर्त्याकडे असतो, मंजुरी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची समिती देते. नाव रोमन लिपीत सोळा अक्षरांत बसावे लागते, त्यामुळे अनेकदा केवळ आडनावच उरते. या व्यवहारात पैशाला कुठेही जागा नाही, आणि ती नसावी असे मला मनापासून वाटते.

मग विद्यार्थी यात आले कसे? अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातल्या दुर्बिणींतून आकाश पाहणाऱ्या ‘लिनिअर’ या सर्वेक्षणाला इतके लघुग्रह सापडले की नावे सुचवण्याच्या संधींचा मोठाच साठा हाती आला. ते चालवणाऱ्या एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या लिंकन प्रयोगशाळेने 2001 मध्ये ‘सेरेस कनेक्शन’ हा उपक्रम सुरू केला आणि नामांकित विज्ञान स्पर्धांत चमकलेल्या विद्यार्थ्यांची नावे सुचवायला सुरुवात केली. रोमन आणि ग्रीक देवतांपासून सुरू झालेल्या या नामावळीत, जिवाणूंवर किंवा गणितावर चिकाटीने काम केलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना स्थान मिळाले, याचा मला फार आनंद आहे. त्याहून अधिक समाधान याचे, की या उपक्रमात त्या मुलांना मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकांच्या नावानेही लघुग्रह नोंदवले गेले.