डोंग्याचं सारवण

धाकट्या भावाने बोट घेतली, तेव्हा ती बोटच आहे हे आईला पटवण्यात अख्खी संध्याकाळ गेली. भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी, आमच्याकडे पाण्यावर चालतो तो डोंगा. निमुळता, पोटाशी खोल, आत बसलं की गुडघे छातीला लागणारा. आणि ट्रॉलीवरून उतरली ती दोन लांबलचक अॅल्युमिनियमच्या नळ्यांवर ठेवलेली खोली! सपाट फरशी, चारी बाजूंनी कठडा, पुढे चक्क फाटक. जन्म पाण्यावर गेलेल्या शेजारच्या काकांनी एक प्रदक्षिणा घातली आणि निकाल दिला, "याले पोटच नाही जी." तेव्हापासून तिचं नाव पडलं पिंपाचा डोंगा. कागदावर ती पाँटून बोट आहे, पण कागद कोण बघतो.

कुठल्याशा तलावावरचं बंद पडलेलं बोटिंग, तिथून ही उचललेली. भावाने नळ्या ठोकून बघितल्या होत्या. त्या खरंच ठणठणीत निघाल्या. आत आडव्या भिंती घालून प्रत्येक नळीचे हवाबंद कप्पे केलेले असतात, म्हणजे एकाला भोक पडलं तरी बाकीचे तरंगवतात. व्यवहार चोख होता. फक्त पायाखाली काय आहे ते त्याने बघितलं नव्हतं. मी कौतुकाने वर चढलो आणि माझा पाय घोट्यापर्यंत बुडाला. पाण्यात नव्हे, फरशीत.

वरचा हिरवा गालिचा सोलून काढला तेव्हा खालचं प्लायवूड चहात बुडवलेल्या खारीसारखं हातात आलं. एका कोपऱ्यात तर सात्या, म्हणजे अळंबी, उगवल्या होत्या. मिस्त्री म्हणाला, पाणी कधी छातीवर वार करत नाही, ते कडेने शिरतं. प्लायवूडची कापलेली धार आणि स्क्रूची भोकं, एवढ्या दोनच वाटा त्याला पुरतात. वर गालिचा असला की मग बघायलाच नको, पावसात प्यालेलं पाणी तो दिवाळीपर्यंत धरून ठेवतो.

गंजलेले बोल्ट ग्राइंडरने कापून काढले. मी ती कुजकी पाटं उकिरड्यावर नेत होतो तर मिस्त्री ओरडला, "गुर्जी, त्याले हात नोका लावू!" बैठकीचे पाय, कठड्याचे खांब, आडव्या पट्ट्या, सगळ्यांची भोकं कुठे आहेत हे आता फक्त त्या कुजक्या पाटांनाच ठाऊक होतं. मग आठ दिवस ते भुसभुशीत तुकडे ओसरीवर मांडून ठेवले होते, लग्नाच्या पत्रिकेसारखे जपून. नव्या पाटावर जुनं ठेवायचं, पेन्सिल फिरवायची, मग कापायचं.

नवं प्लायवूड आणायला नागपूरला गेलो. 19 मिलिमीटर जाड, आठ बाय चारचं, एकेक पाट पस्तीस-छत्तीस किलोचं. दुकानात 'वॉटरप्रूफ' सगळंच असतं. आपण पाटावरचा आयएस 710 हा शिक्का शोधायचा, ते मरीन प्लायवूड. त्याचा नमुना 72 तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि तरीही थर सुटता कामा नयेत. हे मी घरी येऊन मोठ्या ऐटीत सांगितलं. आई म्हणाली, "बहात्तर घंटे? मंग तं लाखोरीची दाळ याच्यापरीस लवकर शिजते."

सल्ले फुकट मिळत होते. काटोलकडच्या मामेभावाचा संत्र्याचा बगीचा आहे. त्याचं म्हणणं, झाडाच्या बुंध्याला लावतो तसा बोर्डो मलम फासा, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, बुरशीची काय बिशाद! बुरशीपुरतं त्याचं खरंच होतं. पण मोरचूद म्हणजे तांबं, आणि ओलाव्यात तांबं अॅल्युमिनियमला लागलं की अॅल्युमिनियम खातं. लाकूड वाचवायला जाऊन नळ्याच गमवायच्या. मामेभाऊ थोडा रागावला. संत्रेवाल्याला मोरचुदावरून बोललेलं सोसत नाही.

कडा आणि भोकं एपॉक्सीने, म्हणजे हार्डनर कालवला की घट्ट होणाऱ्या राळेने, बुजवायची होती. डब्यावर लिहिलेला घट्ट व्हायचा वेळ वाचून मी निवांत होतो. पण तो वेळ लिहिणाऱ्याने वैशाखातला विदर्भ बघितलेला नसावा. दुपारी तीनला मग्यात राळ आणि हार्डनर कालवलं, ब्रश घ्यायला आत गेलो, परत येतो तर मगा धूर सोडतोय! आतला माल दगड, आणि मगा वाकडा. तो मगा आईच्या न्हाणीतला होता, हे वेगळं. पुढचं सगळं काम पहाटे पाच ते सात. थोडं कालवायचं, लगेच फासायचं. वरून, खालून, चारी कडांना.

पुढच्या भागाला, फाटकाजवळच्या मोकळ्या जागेला, भाऊ म्हणाला प्लायवूड नको. गोठ्याच्या आढ्यावर जुन्या घराच्या माळ्याच्या सागाच्या फळ्या पडून होत्या. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचा पायाभरणी समारंभ 1988 साली राजीव गांधींच्या हस्ते झाला तेव्हा मी चौथीत होतो. गाव पाण्याखाली जाणार, गाव जाणार, हे ऐकतच मी मास्तर झालो. पाणी चढायला वीसेक वर्षं लागली. निघताना लोकांनी कवेलू नेले, चौकटी नेल्या, आम्ही या फळ्या आणल्या. नव्या स्लॅबच्या घरात माळाच नव्हता, म्हणून त्या गोठ्यात. मिस्त्रीने रंधा मारला. वरची चुलीच्या धुराची काळी साल गेली आणि आतून मधासारखा रंग निघाला. सगळ्या अंगणात सागाचा वास. फळ्यांमध्ये पेन्सिल जाईल एवढी फट ठेवून त्या बसवल्या, पाणी निथळून जायला.

सागाला जवसाचं तेल द्यायचं ठरलं. खायचं नव्हे, रंगाच्या दुकानात 'डबल बॉइल' मागायचं ते, थोडं तारपीन घालून. जवस आमच्याकडे चटणीत असतो, त्याचं तेल लाकडाला पाजायचं म्हणजे आईला उधळपट्टी वाटली. मी चिंधी घेऊन फाटकापासून सुरुवात केली आणि मागे मागे सरकत गेलो. शेवटच्या फळीवर लक्षात आलं की उतरायचं फाटक ओल्या तेलाच्या पलीकडे आहे. कठड्यावरून उडी मारली. आई हसून हसून बेजार.

"घर सारवताना कोन दारातून सुरू करते रे?"

दुसऱ्या हाताला तिने मला बसूच दिलं नाही. आतल्या टोकाला उकिडवी बसली, चिंधीचं पोतेरं केलं आणि हात फिरवायला लागली. लांबून जवळ, अर्धं वर्तुळ, त्याला लागून दुसरं. घरात टाइल्स आल्यापासून तिचा हा हात मी बघितला नव्हता. "पातळ फिरवाव. जाड झालं का पापुद्रा धरते." ती शेणाचं सांगत होती, पण तेलाचंही तेच आहे. वीसेक मिनिटांनी वरचं न मुरलेलं तेल पुसून घ्यायचं, नाहीतर पृष्ठभाग महिनाभर चिकट राहतो. तिने पुसलंही, न सांगता. आणि मागे सरकत सरकत बरोबर फाटकातून खाली उतरली.

तेलाच्या चिंध्या मी गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर मिस्त्रीने त्या उचलून कुंपणाच्या तारेवर एकेक पसरल्या. जवसाचं तेल उडून वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, आणि तेव्हा गरम होतं. बोळा केलेल्या चिंधीत ती गरमी कोंडते आणि ती आपोआप पेटू शकते. तीन दिवस आमचं कुंपण तेलकट पताकांनी सजलेलं होतं.

मृगाच्या आधी डोंगा पाण्यात गेला. पाणी उतरलेलं, वठलेल्या झाडांचे बुंधे वर आलेले. जुन्या गावाच्या जागी भावाने इंजिन बंद केलं. आमची चिंच कोणती यावरून आमच्या दोघांचं जुंपलं. तो म्हणे उजवीकडची, मी म्हणे ती तर देवळाजवळची. आईला विचारायला वळलो.

ती खाली वाकली होती. फाटकाजवळच्या फळीवर बोट फिरवत म्हणाली, "इथं सुटलं पाहा."