नवगाव ते खंडाळे, लेकाला घेऊन

तू बिश्वातच्या, म्हणजे आमच्या झाडांच्या सणाच्या दिवशी, उन्हं चढायच्या आत आम्ही नवगावच्या कबरस्तानातून निघालो. मी, माझा ११ वर्षांचा लेक आणि मामा. आमच्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, इथल्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, ७ पुरुष आणि ७ बाया वाचल्या, बाकीचे इथल्या मातीत आहेत. वाचलेल्यांना शुद्धीवर आणलं एलियाहू हनबीने, म्हणजे एलिया संदेष्ट्याने, आणि मग खंडाळ्याच्या कातळावरून त्याचा रथ आभाळात गेला. लहानपणी मी आजीला विचारायचे, बुडालेल्यांनी काय पाप केलं होतं? आजी म्हणायची, "शमा म्हण नि पुढे चल." शमा ही आमची रोजची प्रार्थना.

यंदा तोच प्रश्न घेऊन चालत होते. लेकाला जन्मापासून कमी ऐकू येतं. माझ्या वडिलांना दारूचं व्यसन, शेतजमीन त्यातच गेली, आईने फार सोसलं. लेकाच्या कानांचं कळलं तेव्हा नात्यातल्या एक बाई घरी आल्या आणि त्यांनी मला तोराह, आमचा धर्मग्रंथ, ऐकवली: बापाच्या अपराधाचा झाडा तो तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत घेतो. बोटं मोडून हिशेबही केला. तुझे वडील, तू, आणि हा तिसरा.

अलिबागला इस्रायल आळीत, मागेन अबोथ सिनेगॉगपाशी पाणी प्यायला थांबलो तेव्हा हे मामांना पहिल्यांदा सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अगं, दरफाळणीच्या सणाला, योम किप्पुरच्या उपासाला, आपण तेच वाक्य म्हणतो. कुठे थांबतो, आठव."

पेणच्या रस्त्याला लागेपर्यंत मी मनात म्हणत राहिले. लोकांनी सोन्याचं वासरू करून पुजलं म्हणून देव सगळ्यांना नष्ट करायला निघाला होता. मोशेने पाट्या फोडल्या, मग विनवण्या केल्या. तेव्हा तोच देव त्याच्यासमोरून जाताना स्वतःची ओळख सांगतो: दयाळू, कनवाळू, मंदक्रोध, हजारोंवर माया ठेवणारा, पापांची क्षमा करणारा. आणि पुढे, 'वेनक्के लो येनक्के', पण दोषी माणसाला मुळीच मोकळं सोडणार नाही. पिढ्यांची गोष्ट त्याच्यापुढे येते. योम किप्पुरच्या प्रार्थनेत आम्ही 'वेनक्के' म्हणतो आणि थांबतो. नुसतं एवढंच म्हटलं की अर्थ होतो, मोकळं करतो. 'लो', म्हणजे 'नाही', हा शब्द तोंडातून काढतच नाही! देवाचंच वाक्य मध्ये तोडून पूर्वजांनी देवापुढे ठेवलं. इतकी वर्षं उपास करून, उभी राहून मी ते म्हणत आले, आणि ही केवढी हिंमत आहे हे मला वाटेत, पांढऱ्या कांद्याच्या वाफ्यांशेजारून चालताना कळलं.

मामांनी यहेज्केल नबीचं पुस्तक सांगितलं. बाबेलच्या बंदिवासात लोक म्हणायचे, बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. नबीने बजावलं, ही म्हण इस्रायलात पुन्हा ऐकू येता कामा नये. मुलगा बापाचा दोष वाहणार नाही.

मला रडू आलं. पण दहा पावलं गेल्यावर वेगळंच काही टोचू लागलं. त्याच सणाच्या दुपारी योना नबीचं पुस्तक वाचतात. निनवे शहरातली माणसं पस्तावतात, देव त्यांना सोडतो, आणि योना चिडतो. तू दयाळू, कनवाळू, मंदक्रोध आहेस हे मला ठाऊकच होतं, म्हणतो. देवाचेच गुण तक्रार म्हणून देवाला ऐकवतो. मी तशीच आहे. लेकासाठी मला दया हवी होती आणि वडिलांसाठी शिक्षा. दोन्ही एकाच दारात मागत होते.

खंडाळ्याला पोचलो तेव्हा कातळाभोवती गर्दी होती. रथाच्या चाकांच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा लोक हात लावून बघत होते. हा एलियाहू तरी कोण? कार्मेलवर आग उतरवून बाल नावाच्या दैवताच्या ४५० संदेष्ट्यांना किशोनकाठी मारणारा. होरेबच्या डोंगरावर मात्र त्याला देव वादळात सापडला नाही, भूकंपात नाही, आगीतही नाही. त्यानंतर 'कोल दमामा दका', बारीकशा शांततेचा आवाज.

गाणी सुरू झाली तसं लेकाने कानातलं मशीन काढून माझ्या हातात दिलं. गोंगाट त्याला सोसत नाही. तो खाली बसला आणि दोन्ही तळवे कातळावर टेकवून राहिला.

मलिद्याचं, म्हणजे एलियाहूच्या नावाने अर्पण करायचं ताट मांडलं: गूळ-खोबऱ्यात कालवलेले पोहे, वर फळं. प्रार्थना कुणासाठी म्हणायची, असं विचारलं तेव्हा मी लेकाचं नाव सांगितलं. वडिलांचं नाव मामांनी घेतलं.