नागपूरच्या उन्हात चर्चचं बालशिबिर

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. म्हणून शिबिराची वेळ सकाळी ७ ते १०.३० हीच ठेवा. मैदानी खेळ ८ च्या आत उरका; गाणी, बायबलमधली गोष्ट, पाठांतर, हस्तकला नंतर हॉलमध्ये. क्रम उलटा लावला की मुलं ऐन तापलेल्या मैदानावर येतात आणि चक्कर येते.

कूलर सुरू असताना समोरच्या खिडक्या उघड्या हव्यात. दमट हवा अडकली तर हॉलमध्ये घामाने जीव नकोसा होतो, मग गोष्टीत कोणाचंच लक्ष राहत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कूलरचं अर्थिंग. ते आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, मुलं हात लावू नयेत म्हणून लोखंडी बॉडीपासून थोडं अंतर ठेवून दोरी बांधा, प्लग काढल्याशिवाय पाणी भरू नका.

लहान मुलांच्या गटात ५ मुलांमागे एक ताई किंवा दादा, मोठ्या मुलांच्या गटात ८ मागे एक. शौचालयाकडे नेताना मात्र दोघं हवेत. पाणी दर २० मिनिटांनी, तहानेची वाट न पाहता. पन्ह्यात मीठ विसरू नका.

सुटताना नोंदवहीत नाव असलेल्या व्यक्तीच्याच हाती मूल द्या. ओळखीचे काका आले तरी आधी आईबाबांना फोन.