राक्षस आठ, पानं साठ

माझा डेक, म्हणजे खेळायच्या पत्त्यांचा गड्डा, कोणी चाळून बघितला की प्रश्न ठरलेला: "राक्षसांचा डेक म्हणता, मग राक्षस आठच कसे? उरलेली ५२ पानं कशाला?" तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

खेळ पत्त्यांचा, 'मॅजिक: द गॅदरिंग', रिचर्ड गारफिल्डने बनवलेला, १९९३ सालचा. यात पान मांडायचं तर मॅना, म्हणजे जादूची शक्ती, मोजावा लागतो. मॅना मुख्यतः जमिनींच्या पानांतून मिळतो, आणि एका पाळीत जमीन मांडता येते एकच. आता राक्षसांतली माझी लाडकी एम्राकुल बघा. २०१० साली आलेलं पान. ताकद १५, किंमतही १५ मॅना. सरळ वाटेने गेलो तर पंधरावी पाळी उजाडायला हवी, तोवर समोरच्याने डाव कधीच संपवलेला असतो. सुरुवातीला मी प्रेमापोटी वीस-बावीस राक्षस भरले होते. हातात तीन-तीन राक्षस यायचे आणि एकही मांडता यायचा नाही.

वाट सापडली ती १९९८ च्या 'अर्झाज सागा' संचातल्या दोन पानांमुळे. 'शो अँड टेल' तीन मॅनाचं: दोघांनीही हातातलं एकेक पान फुकट मांडायचं. 'स्नीक अटॅक' चार मॅनाचं: ते एकदा मांडलं की एका लाल मॅनात हातातला कुठलाही राक्षस त्या पाळीपुरता उतरतो आणि उतरल्या उतरल्या हल्ला करतो. एम्राकुल चालून आली की समोरच्याला मांडलेली सहा पानं सोडावी लागतात, शिवाय १५ चा फटका. प्रत्येकाचं आयुष्य सुरुवातीला असतं २०, ते संपलं की डाव गेला.

म्हणजे जोड जमली पाहिजे, राक्षस आणि त्याला आणणारं पान. एका नावाची चारच पानं चालतात. चार एम्राकुल आणि चार 'शो अँड टेल' घेतली, तर पहिल्या सात पानांत दोन्ही येण्याची शक्यता साधारण १४.५ टक्के, म्हणजे सात डावांत एकदा. दोन्ही बाजूंना आठ-आठ पानं केली, म्हणजे राक्षस आठ आणि 'शो अँड टेल', 'स्नीक अटॅक' मिळून आठ, की ती ४० टक्क्यांच्या थोडी वर जाते. हे गणित मी वहीत मांडलं त्या रात्री डेक निम्मा उपसला! त्यापुढे राक्षस वाढवावेत तर हात जड होतो, कारण मांडायला एकच लागतो, दुसरा नुसता अडकून पडतो. म्हणून उरलेल्या जागी 'ब्रेनस्टॉर्म' आणि 'पाँडर', एका मॅनात गड्डीच्या वरची पानं चाळून देणारी. समोरच्याने आडवं पान टाकलं तर ते रद्द करायला 'फोर्स ऑफ विल'. जमिनींत 'एन्शंट टूम', जी दर वेळी दोन आयुष्य घेते पण दोन मॅना देते; तिच्यामुळे दुसऱ्याच पाळीत 'शो अँड टेल' पडतं. डाव खरा या लहान पानांवर चालतो.

आठांतले चार एम्राकुल, तर उरलेले चार ग्रिझेलब्रँड हा दुसरा राक्षस का, तेही सांगतो. मूळ पानं महाग, म्हणून घरी आम्ही छापलेल्या नकला प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये घालून खेळतो. एका रविवारी मी 'शो अँड टेल'मधून एम्राकुल मांडली. मित्राने त्याच संधीत 'काराकास' मांडली. ही जमीन पानावर 'लेजंडरी' लिहिलेल्या कुठल्याही प्राण्याला, म्हणजे एम्राकुललाही, मालकाच्या हातात परत पाठवते. एवढी थोर एम्राकुल एका जमिनीने माघारी गेली, आणि माझ्याकडे पुढे काहीच नव्हतं. ग्रिझेलब्रँड असता तर? त्याची ताकद ७ च, पण ७ आयुष्य दिलं की ७ पानं मिळतात, आणि तीही तो परत जायच्या आत ओढता येतात. राक्षस गेला तरी हात भरलेला. म्हणून 'शो अँड टेल' असेल तर ग्रिझेलब्रँड आधी, 'स्नीक अटॅक' असेल तर एम्राकुल.

आणि खरं सांगायचं तर गेल्या आठवड्यात मी एक एम्राकुल काढून तिथे 'पाँडर'चं चौथं पान घातलंय. आता राक्षस सातच आहेत.