चित्र लक्षात राहते, मग अक्षर का नाही?

माझा ९ वर्षांचा भाचा पुण्यातल्या कर्वे रस्त्यावरची दुकाने नळ स्टॉपपासून पुढे डोळे मिटून क्रमाने सांगतो. एखादी पाटी बदलली तर घरात सर्वांत आधी त्यालाच कळते. हाच मुलगा वहीत ‘घर’ऐवजी ‘धर’ लिहितो आणि काल दहा वेळा गिरवलेला ‘किरण’ आज प्रथमच पाहिल्यासारखा वाचायला घेतो. त्याची दृश्यस्मृती कच्ची आहे, असे निदान ओळखीच्या मंडळींनी केले, तेव्हा मीही अप्पा बळवंत चौकातून जोड्या शोधण्याच्या चित्रपत्त्यांचे दोन संच आणले. आठवडाभरात तो मला सलग हरवू लागला (याचे दुःख निराळे). वाचन मात्र होते तेथेच राहिले.

दृश्यस्मृती कच्ची म्हणून वाचन अडते, हा समज जुना आहे. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १४ वर्षांच्या एका मुलाची हकिगत लिहिली. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याचे शिक्षक म्हणत. पण शब्दांचे दृश्य ठसे साठवण्याची शक्तीच त्याच्यात नाही, असा डॉक्टरांचा तर्क होता. पुढे १९७०च्या दशकात अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्रँक व्हेल्युटिनो यांनी, हिब्रू न येणाऱ्या मुलांना हिब्रू अक्षरे थोडा वेळ दाखवून ती आठवून लिहायला सांगितली, तेव्हा वाचनात अडखळणारी मुले चांगल्या वाचकांच्या मागे पडली नाहीत. तेथे अक्षराला नाव नव्हते, आवाज नव्हता, नुसता आकार होता. म्हणजे बहुतेक मुलांची अडचण आकार आठवण्यात नसून त्या आकाराशी ध्वनी पक्का बांधण्यात असते.

हे वाचल्यावर मी भाच्याच्या चुका पुन्हा तपासल्या. घ आणि ध यांत तो गोंधळतो, पण दिसायला तितक्याच जवळच्या थ आणि य यांत सहसा चुकत नाही. आणि घ-ध ही जोडी कानालाही जवळची आहे. ‘किरण’मधल्या पहिल्या वेलांटीचा घोळ मात्र आपल्या लिपीचाच, कारण ती लिहायची व्यंजनाच्या आधी आणि उच्चारायची नंतर.

आता गिरवणे कमी केले आहे. शब्द आधी मोठ्याने म्हणायचा, टाळ्या वाजवून अक्षरे मोकळी करायची आणि प्रत्येक ध्वनी उच्चारतच लिहायचा, असा आमचा क्रम असतो. परवा ‘घर’ लिहिताना तो थांबला, स्वतःशी पुटपुटला आणि बरोबर लिहिले. त्याखालच्या ओळीत ‘धरण’चे ‘घरण’ झाले होते.