खडूच्या रेषा आणि दोन वर्गखोल्या

माणदेशातील एका वाडीवरच्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत मी मुख्याध्यापिका म्हणून रुजू झाले, तेव्हा पहिली ते चौथीची ३८ मुले पत्र्याच्या दोन खोल्यांत बसत होती. मार्चमध्ये शाळा सकाळची होत असली तरी साडेदहानंतर पत्र्याखाली बसवत नसे, आणि ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी तीननंतर पश्चिमेच्या खिडक्यांतून येणारी तिरीप थेट फळ्यावर पडून निम्म्या वर्गाला अक्षर दिसत नसे. खोल्यांच्या निर्लेखनाचा, म्हणजे त्या वापरातून काढून पाडण्याचा, प्रस्ताव आधीच गेलेला होता. तो मंजूर झाला, नव्या दोन वर्गखोल्यांना निधी मिळाला आणि नमुना नकाशाची प्रत माझ्या हाती आली.

नकाशात चूक अशी काही नव्हती. फक्त तो आमच्या जागेसाठी काढलेला नव्हता. तो आमच्या मैदानावर जसाच्या तसा मांडला, तर चार खिडक्यांची लांब भिंत पश्चिमेला येत होती आणि जोत्याचा एक कोपरा थेट जुन्या कडुनिंबाच्या बुंध्यावर जात होता. परवानगी काढून झाड पाडता येईल, असे आम्हाला सुचवण्यात आले. पोषण आहाराची पंगत वर्षानुवर्षे ज्या सावलीत बसते, ती सावली तोडून त्याच जागी पंख्यांची सोय करावी लागणार, हे मला मनापासून पटेना.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा तयार करण्याचे काम शाळा व्यवस्थापन समितीचे असते, आणि या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. आम्ही हे कलम गांभीर्याने घ्यायचे ठरवले. पण ‘खोल्या तापतात’ एवढ्यावर कोणी नकाशा बदलत नाही, नोंदी हव्यात. म्हणून ऑक्टोबरपासून तिसरी-चौथीच्या मुलांनी दर तासाला जमिनीवर पडलेल्या उन्हाची कड खडूने आखायची, शेजारी तारीख आणि वेळ लिहायची आणि अंतर मोजून वहीत उतरवायचे, असा क्रम सुरू केला.

दक्षिणेच्या दारातून भर दुपारी आत येणारे ऊन ऑक्टोबरमध्ये उंबऱ्यापासून साडेतीन फुटांवर थांबत होते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तीच रेषा साडेपाच फुटांच्या पुढे गेली. तिसरीतल्या एका मुलीने दोन्ही रेषांमध्ये पावले टाकत विचारले, “बाई, थंडीत ऊन आत येतंय, मग उन्हाळ्यात कुठं जातंय?” याच प्रश्नावर सगळा आराखडा उभा राहिला. आमच्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेची भिंत फारशी तापतच नाही. तापतात त्या सकाळी पूर्वेची, दुपारनंतर पश्चिमेची भिंत आणि दिवसभर छत. इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवली, आखूड भिंती पूर्वेला आणि पश्चिमेला घेतल्या, व्हरांडा दक्षिणेला काढला आणि खिडक्या उत्तरेला वाढवल्या, तर उन्हाळ्यात भिंतींवर ऊन कमी पडते, थंडीत व्हरांड्यात कोवळे ऊन मिळते आणि उत्तरेचा उजेड डोळ्यांवर न येता दिवसभर सारखा राहतो.

मुलांना काय हवे, हेही आम्ही विचारले. बहुतेकांचे उत्तर एकच होते: बसल्यावर खिडकीतून बाहेर दिसले पाहिजे. आमची मुले बसकरांवर बसतात आणि खिडकीची खालची कड तीन फुटांवर असते, त्यामुळे बसलेल्या मुलाला फक्त आभाळ दिसते. इतकी वर्षे वर्गात उभे राहून शिकवताना माझ्या हे कधी लक्षातच आले नव्हते.

समितीच्या ठरावासह केलेला पहिला अर्ज ‘नमुना नकाशात बदल अनुज्ञेय नाही’ या शेऱ्यासह परत आला. दोन महिने त्यात गेले. या टप्प्यावर खचून जाण्याऐवजी मागण्यांचे दोन भाग करावेत, हा सल्ला गावातल्या एका निवृत्त बांधकाम मिस्त्रींनी दिला आणि तोच कामी आला. इमारतीचे तोंड फिरवणे, ती झाडापासून १२ फूट सरकवणे आणि पश्चिमेच्या खिडक्या उत्तरेच्या भिंतीत घेणे यांमुळे अंदाजपत्रकाच्या रकमेत फरक पडत नव्हता, म्हणून एवढ्याच गोष्टी दुसऱ्या अर्जात ठेवल्या. शाखा अभियंता साहेब पाहणीला दुपारी साडेतीनला यावेत, अशी आम्ही मुद्दाम विनंती केली. ते पश्चिमेच्या खिडकीपाशी मुलांच्या रांगेत खाली बसले, फळ्याकडे पाहिले आणि खडूच्या नोंदींची वही बराच वेळ चाळत राहिले. सुधारित मांडणीला तांत्रिक मान्यता मिळाली. खिडक्यांची कड दोन फुटांवर आणण्याचा बदलही त्यांनीच त्यात घातला.

वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळमध्ये रूढ केलेली विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवण्याची पद्धत निदान पश्चिमेच्या भिंतीला वापरावी, अशी माझी फार इच्छा होती. त्या पद्धतीत विटा कमी लागतात आणि पोकळीमुळे उष्णता आत पोहोचायला वेळ लागतो. सरकारी बांधकामाच्या दरसूचीत ती बाब नसल्याने तो आग्रह सोडावा लागला. ही खंत अजूनही आहे.

छतासाठी मात्र लोकवर्गणीतून काम झाले. तालुक्याच्या फरशी दुकानांतून पांढऱ्या फरशीचे फुटके तुकडे पालकांनी पोत्यांनी आणले आणि ते स्लॅबवर सिमेंटमध्ये बसवले. त्यामुळे ऊन परावर्तित होते आणि गळतीलाही आळा बसतो. छताचे क्षेत्रफळ सुमारे १०० चौरस मीटर आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, या हिशेबाने ५०० मिलिमीटर पावसात वाया जाणारे वजा करूनही ४० हजार लिटर पाणी मिळू शकते, हे गणित चौथीच्या मुलांनी फळ्यावर सोडवून ग्रामसभेत मांडले. टाकी १० हजार लिटरचीच झाली, पण झाली. वास्तुविशारद कबीर वाजपेयी यांच्या ‘विन्यास’ संस्थेने विकसित केलेल्या ‘बाला’ (इमारत हेच शिकण्याचे साधन) संकल्पनेतून दाराच्या फळीखाली जमिनीवर कोन आखून घेतले आणि भिंतींच्या खालच्या भागात मुलांच्या हाताला येतील असे फळे रंगवले.

चुकाही झाल्या. उत्तरेच्या खिडक्यांवरचा छज्जा अरुंद राहिला आणि परतीच्या पावसाने पहिल्याच वर्षी वाचनकोपरा भिजवला. छज्जा नंतर पत्र्याने वाढवावा लागला. पश्चिमेला लावलेली करंजाची पहिली रोपे शेळ्यांनी फस्त केली. दुसऱ्या वेळी प्रत्येक रोपाभोवती बोराटी लावली, मुळाशी मडके पुरले आणि पंगतीनंतर हात धुण्याचे पाणी पन्हाळीने परसबागेतल्या शेवग्याकडे वळवले.

शेजारच्या वाड्यांवरील शिक्षक आता आमच्या नकाशाची प्रत मागतात. मी ती देते, पण सोबत खडूच्या नोंदींसाठी कोऱ्या तक्त्यांची वहीही देते आणि अर्ज करण्याआधी ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढ्या काळाच्या नोंदी स्वतःच्या जागेवर घ्यायला सांगते, कारण आमचा कडुनिंब जिथे आहे तिथे त्यांचा नाही. आमच्या करंजांची सावली यंदा जानेवारीत दुपारी चारला भिंतीवर गुडघ्याएवढी चढली. तिथे मुलांनी तारखेसह खडूची रेघ मारून ठेवली आहे.